केबिनवाल्याचा उजवा खांदा

आमचे मालक लोणावळ्याच्या केबिनीत लिव्हर ओढायचे. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. रेल्वेत माणसं पुष्कळ होती; पण गाडी कुठल्या रुळावरून जाणार हे ज्याच्या हातांवर ठरायचं, असा माणूस माझ्या घरात जेवायला बसायचा, याचा मला तेव्हाही अभिमान होता.

केबिन म्हणजे रुळांच्या कडेची दुमजली खोली. वरच्या मजल्याला तिन्ही बाजूंनी काचा आणि मधोमध छातीएवढ्या उंच लोखंडी दांड्यांची रांग. एकेक दांडा म्हणजे एकेक लिव्हर. ती ओढली की रुळांच्या कडेने गेलेली तार ताणली जाते आणि लांबचा सिग्नल पडतो, म्हणजे गाडीला वाट मोकळी होते; नाहीतर रुळांचे सांधे बदलतात. जवळच्या सिग्नलची लिव्हर मीही ओढली असती. पण अगदी बाहेरच्या सिग्नलची तार फर्लांगच्या फर्लांग लांब, आणि उन्हातान्हात ती सैल पडली की तिला ओढताना पैलवानाचाही घाम निघायचा. लिव्हरीच्या मुठीला ओला हात लागला तर ती गंजते, म्हणून मालक हातात फडकं धरायचे. ते फडकं मी रोज धुऊन, वाळवून, चार घड्या घालून डब्याबरोबर द्यायची.

आम्ही दोघंही लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचे, शेतकऱ्याघरचे. मालकांनी मराठी सातवी केली आणि रेल्वेत लागले. आधी रुळांच्या कामावर होते, मग सांधेवाले झाले, मग केबिनीत चढले. लढाईची वर्षं आली तशा मिलिटरीच्या गाड्या वाढल्या. घाटातून एक गाडी वर आली की दुसरी खाली उभीच. पाळी संपवून मालक घरी यायचे ते बोलायचं त्राणही नसायचं. पण तक्रार कधी ऐकली नाही.

म्हणूनच खांद्याचं दुखणं मला त्यांच्या तोंडून कळलं नाही. एके दिवशी पाहिलं, तर ते डाव्या हाताने केस विंचरत होते. मग लक्ष ठेवलं. सदऱ्यात आधी उजवा हात घालायचे, तोही खालूनच, वर न उचलता. फळीवरचा तांब्या काढायचा तर डावा हात.

"खांद्याला काय झालंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. झोपंत अंगाखाली आला आसंल."

"रोज येतोय व्हय अंगाखाली?"

त्यावर ते उठून गेले.

मी शेक दिला, निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी तेल चोळलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेवटी हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा मालक रेल्वेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भले होते. चोळायला औषध दिलं आणि पंधरा दिवस घरी बसवलं. घरी बसल्यावर खांदा खरंच निवला. मालक खुशीत कामावर गेले आणि पहिल्याच पाळीनंतर हात पोटाशी धरून परत आले.

मग स्टेशनच्या मोठ्या मास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, की असंच चाललं तर फाटकावर हलकं काम देतो, डॉक्टर पुन्हा तपासतील तेव्हा ठरवू. मास्तरांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण मालकांचा चेहरा उतरला.

"फाटक उघडायला कुनीबी चालतंय," एवढंच ते म्हणाले, आणि ताटावरून उठले.

त्या सुमाराला मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई होती आणि लोणावळ्याचे बंद पडलेले बंगले मुंबईच्या माणसांनी भरून गेले होते. माझा भाऊ कुरवंड्याहून त्या बंगल्यांना दूध घालायचा. त्याने एका बाईंची गोष्ट सांगितली. बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आल्या होत्या. वडिलांची एक बाजू अर्धांगाच्या वाऱ्याने गेलेली. पहिल्यांदा त्याने पाहिलं तेव्हा ते खाटेवर होते, आणि आता काठी घेऊन अंगणात फिरत होते.

"औषीद कसलं देतात?" मी विचारलं.

"औषीद न्हाईच. हातपाय हालवून घेत्यात. मुंबईला मोठ्या दवाखान्यात शिकल्यात म्हनं, मालीश अन् व्यायाम."

मी मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, बाईमाणसाकडून मालीश करून घ्यायला मी काय तालेवार आहे, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, "लढाईवरच्या शिपायांना नर्सा पट्ट्या बांधत्यात. त्ये लाजत्यात का?" तरी हो-ना करण्यात आठवडा गेला. शेवटी मी डोक्यावर पदर घेऊन निघालेच, तेव्हा ते मागून आले.

बाई चाळिशीच्या असतील. साधं सुती पातळ, पदर खोचलेला, केस घट्ट बांधलेले. व्हरांड्यात एक लांब बाकडं आणि भिंतीला आरसा, एवढंच त्यांचं सामान. मालक खांदा पुढे करून दुखणं सांगू लागले, तर बाई म्हणाल्या, "कुठे दुखतं ते नंतर. आधी सदरा काढा आणि मला नुसतं उभं राहून दाखवा."

मालक माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीकडे बघितलं. मग त्यांनी सदरा काढला.

बाईंनी त्यांना पाठीमागून पाहिलं, बाजूने पाहिलं, हात वर करायला लावले, मान वळवायला लावली. बराच वेळ हातही लावला नाही. मला वाटलं, ह्या बघणार तरी किती. मग त्यांनी मलाच हाक मारली.

"इकडे ये. दोन्ही खवाट्यांवर हात ठेव."

खवाटा म्हणजे खांद्यामागचं सपाट हाड. मी हात ठेवले. मालकांनी दोन्ही हात हळूहळू उचलले. डावं हाड माझ्या तळव्याखाली अलगद फिरलं. उजवं मात्र फिरलंच नाही. हात जरा उचलला की सगळंच्या सगळं कानाकडे चढलं.

"काय कळलं?" बाईंनी विचारलं.

"डावा हात खांद्यातनं उचलतोय. उजव्याला मान वढून घेतीया."

बाईंनी मान डोलावली. मला त्यांनी काही शाबासकी दिली नाही, पण त्यानंतर मालकांशी बोलताना त्या माझ्याकडेही बघून बोलू लागल्या. म्हणाल्या, "खांदा मुळात बिघडलेला नाही. दुसऱ्या कुणाचं तरी काम त्याच्यावर पडतंय, आणि ते करून करून तो दमलाय. कुणाचं, ते शोधायला पाहिजे. नाहीतर आपण त्याला चोळत राहू आणि तो दुखत राहील."

सुरुवात मानेपासून आणि पाठीपासून झाली. बाईंचे हात मऊ नव्हते. मालक दात दाबून बसायचे. मग बाकड्यावर पालथं झोपून हात उचलायचे, भिंतीला पाठ लावून सरकवायचे, असले व्यायाम. ते मी बघून ठेवायची आणि घरी करून घ्यायची. सुट्टीच्या दिवशी खांदा छान हलायचा, आणि दोन पाळ्या झाल्या की पुन्हा जैसे थे. असं एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मालक म्हणाले, "बाई, तुमी लय केलंत. आता ऱ्हाऊ द्या."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझंच काहीतरी बघायचं राहिलंय. तुम्ही काम करता ते मला बघायला पाहिजे."

पण लढाईच्या दिवसांत केबिनीत बाहेरच्या माणसाला पायही ठेवता येत नव्हता. बाईंनी विचारलं, इथे अंगणात तसं काही करता येईल का? त्यावर मालकांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. कामाचं काही विचारलं की त्यांना हुरूप यायचा. त्यांनी विहिरीच्या कप्पीवरून दोर घेतला, एका टोकाला दगड भरलेलं पोतं बांधून विहिरीत सोडलं, आणि दुसऱ्या टोकाला छातीच्या उंचीवर मुठीसारखं लाकूड बांधलं. वजन कमी-जास्त करत शेवटी म्हणाले, "भाईरच्या सिग्नलची लिव्हर ही अशी लागती."

बाई पायरीवर बसल्या. मालकांनी डावा पाय पुढे टाकला आणि दोर ओढला. पोतं वर आलं. पुन्हा ओढला. बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या, मग बाजूला आल्या. मग चक्क खाली बसून त्यांच्या पावलांकडे बघू लागल्या.

"डावी टाच उचलली जातेय," त्या म्हणाल्या. "टाच टेकवून, गुडघा वाकवून, खाली बसल्यासारखं होऊन ओढा बरं."

मालकांनी टाच टेकवली आणि गुडघा वाकवायला गेले, तर तोल जाऊन मागेच आले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गुडघा पुढे जायलाच तयार नव्हता. घोट्यात जणू खिळा ठोकलेला.

"हा पाय कधी दुखावला होता का?"

"न्हाई. पायाला कायबी न्हाई. मी घाटानं चालत खाली जातोय."

ते काही खोटं बोलत नव्हते. ते लंगडत नव्हते, पाय दुखत नव्हता, म्हणून त्यांच्या हिशेबी पाय बरा होता. पण मला आठवलं.

"रुळाखालचा लाकडाचा स्लीपर पडला व्हता की त्या पायावर," मी म्हटलं. "रुळावर कामाला व्हते तवा. हाडवैद्यानं बांधून ठिवला व्हता. तवापास्नं हे उकिडवे बसत न्हाईत."

बाई माझ्याकडे वळल्या. "उकिडवे बसत नाहीत? आधी बसायचे?"

"आधी दात घासाया, भाकरी खाया, इडी वढाया, सारं उकिडवंच. आता पाट लागतो. न्हाईतर पाय लांब करून बसत्यात." बोलता बोलता आणखी एक ध्यानात आलं. "अन् डावी वहाण फुडं झिजती. टाच तशीच ऱ्हाती."

मालक आश्चर्याने माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी पाट मांडत होते आणि ते बसत होते. दोघांनाही त्यात काही वाटलं नव्हतं. बाई हसल्या. "मी इतके दिवस खांद्याकडे बघत बसले," त्या म्हणाल्या, "आणि दुखण्याचं मूळ तुमच्या घरात रोज पाटावर बसत होतं."

मग त्यांनी मला दोर धरायला लावला. आधी चवड्यावर उभं राहून, गुडघे ताठ ठेवून ओढायला सांगितलं. पोतं जागचं हललं नाही, पण माझा खांदा कानाला जाऊन भिडला आणि मानेत कळ आली. मग टाचा टेकवून, बूड खाली घेऊन, हात सरळ ठेवून नुसतं पायांनी मागे रेटायला सांगितलं. पोतं वर आलं. मी थक्क झाले. हातांना काही कळलंच नव्हतं.

"कळलं?" बाई मालकांना म्हणाल्या. "ओढायचं काम पायांचं आहे. तुमचा घोटा वाकत नाही, म्हणून पाय ते करत नाहीत, आणि ते सगळं एकट्या खांद्यावर येतं."

मालक बराच वेळ आपल्या डाव्या पायाकडे बघत उभे राहिले.

त्या दिवसापासून पायाचं काम सुरू झालं. गरम पाण्यात पाय बुडवायचा, बाई घोट्याभोवती अंगठ्यांनी दाबायच्या, मग भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. पहिल्या दिवशी पाऊल भिंतीला अगदी चिकटवलं तरी गुडघा पोचेना. घरी मी चौकटीपाशी उभं करून तेच करून घ्यायची. मालक वैतागायचे. "दुखतोय खांदा अन् दाबताय पाय. केबिनीत सांगितलं तर लोकं हसत्याल."

"हसू द्या," मी म्हणायची. "टाच टेकवा."

मध्येच एकदा त्यांनी घाई केली. फाटकाची धास्ती मनात होतीच. पाळी संपवून आले आणि कुणाला न सांगता मागच्या बाजूला दगडावर पाऊल तिरकं ठेवून, अंगाचा सगळा भार देऊन उभे राहिले. घोटा असा सुजला की वहाण चढेना. बाईंनी तेव्हा मात्र त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांचं आखडलेलं एका दुपारी सुटत नसतं. पाय तुमचा आहे, लिव्हर नव्हे. मालक शाळेतल्या मुलासारखे खाली मान घालून ऐकत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी विहिरीकडे गेले.

सूज उतरली, पुन्हा सुरुवात केली. भाताची लावणी होऊन गेली, रोपं पोटरीला लागली, तरी आमचं रोजचं चाललंच होतं. आणि मग एका सकाळी मी चुलीपाशी होते. मागच्या दारातून पाहिलं तर मालक ओट्याच्या कडेला दात घासत बसले होते. उकिडवे. डावी टाच जमिनीवर होती, जरा वाकडी, पण टेकलेली. त्यांना स्वतःला कळलं होतं की नाही देव जाणे. मी हाक मारली नाही. डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसलं आणि भाकरी उलटली.

घोटा वाकू लागल्यावर ओढायचं पुन्हा शिकावं लागलं. वर्षानुवर्षांची सवय मोडायची होती. अंगणातल्या दोरावर बाई ओरडायच्या, "खाली बसा, हात सरळ," आणि केबिनीत जोडीदार हसायचे, की हा नव्या उमेदवारासारखा दरवेळी पाय रोवून का उभा राहतो. मालकांनी ऐकून घेतलं. हळूहळू पाळी झाल्यावर खांदा धरून बसणं बंद झालं. एके दिवशी त्यांनी फळीवरून तांब्या उजव्या हाताने काढला, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

डॉक्टरांच्या तपासणीचा दिवस आला. काय झालं ते मालकांनी जेवताना सांगितलं. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो गेला. मागे न्यायला सांगितला, तोही गेला. मास्तरांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. ते डॉक्टरांना घेऊन केबिनीत चढले आणि म्हणाले, बाहेरच्या सिग्नलची ओढून दाखव. मालकांनी मुठीवर फडकं धरलं, पाय रोवला, खाली बसले आणि ओढली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सिग्नल पडला." भाताचा घास घेत ते म्हणाले. "मास्तर म्हनले, फाटकाला दुसरा मानूस बघतो."

भावाने त्या वर्षीचा नवा आंबेमोहर आणून दिला होता. त्या घरभर पसरलेल्या वासात ते अगदी सावकाश जेवले आणि पुन्हा भात मागून घेतला.

खांदा साफ बरा झाला असं मी म्हणणार नाही. पावसाळी हवेत तो ठणकायचा, आणि घोटाही उजव्यासारखा कधी वाकला नाही. पण लिव्हर त्यांनी पेन्शनीपर्यंत ओढली.

माझंही बाईंकडे जाणं थांबलं नाही. तपासणीनंतर मी नाचणीच्या लाडूंचा डबा घेऊन गेले, तर बाई म्हणाल्या, "लाडू ठेव, आणि उद्यापासून सकाळी येत जा. मला मदतीला माणूस हवं आहे. शिकवीन सगळं."

मी चौथी शिकलेली, शेतातली बाई. मी म्हटलं, मालकांना विचारते. मालकांना विचारलं तर ते वहाणा घालता घालता म्हणाले, "त्यात इचारायचं काय? माजा पाय कुनी शोधला?" आणि दुसऱ्या दिवशी मला बंगल्याच्या फाटकापर्यंत स्वतः पोचवून पाळीवर गेले. शेजारणी बघत होत्या. त्या काळात नवऱ्याने बायकोला कामावर पोचवणं ही बघण्यासारखीच गोष्ट होती.

बायका येऊ लागल्या. डोंगरातून गवताचे भारे आणणाऱ्या, लावणी करून कमरेतून मोडलेल्या, कडेवर मूल घेऊन घेऊन एका अंगाला कललेल्या. बाईंसमोर त्या संकोचायच्या, माझ्याशी मोकळ्या बोलायच्या. मी त्यांना विचारायची, भारा कसा उचलता, चुलीपाशी कशा बसता, कुठल्या कुशीवर झोपता. एका बाईचा खांदा धरला होता, त्याचं मूळ तिच्या छातीपाशी निघालं. वर्षभर खोकून खोकून तिचं सारं अंग पुढे मिटलं होतं. तिला बाईंनी आधी दवाखान्यात पाठवलं आणि मग हाताला हात लावला. कधी कधी मूळ सापडायचंच नाही, आणि बाई तसं सरळ सांगायच्या.

लढाई संपली आणि बाई मुंबईला परत जायच्या तयारीला लागल्या. त्याआधी त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या दोन नर्सबाई त्यांना भेटायला आल्या. मला वाटलं, चहापाणी करावं आणि बाजूला व्हावं. पण बाईंनी मला बाकड्यावर बसवलं.

"केबिनवाल्यांच्या खांद्याचं सांग ह्यांना," त्या म्हणाल्या.

"मला तुमच्यासारखं बोलाया येत न्हाई, बाई."

"माझ्यासारखं नकोच. तू बघितलंस तसं सांग."

मी सांगितलं. खवाटा कसा कानाकडे चढायचा, पोतं कसं हललं नाही, टाच कशी उचलली जायची. सांगता सांगता उठले आणि भिंतीसमोर उभी राहून घोट्याचा व्यायाम करून दाखवला. त्या दोघींनी मला प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. एकीने तर खाली बसून माझी टाच नीट बघितली. मालक मला न्यायला आले होते ते कधीचे फाटकापाशी उभे होते, आत आलेच नाहीत.

घरी जाताना बाजाराच्या वळणावर ते म्हणाले, "माजं दुखनं तू माज्यापरीस चांगलं सांगितलंस."

त्या संध्याकाळी बाजारातून चालताना मी पदर सावरायलाही विसरले होते, आणि कुणी बघतंय की नाही याची मला पर्वा नव्हती.